बॅटरी पहाटेपर्यंत पुरली पाहिजे

२ सप्टेंबर

पहाटे चारला बॅटरीने हात वर केले आणि ट्रेलरमध्ये शिट्टी वाजायला लागली. मला ऐकू आली नाही. कानातलं यंत्र मी झोपताना काढून ठेवते, आणि ते काढलं की उशाशी बँड वाजला तरी मला पत्ता नसतो. ह्यांनी हलवून उठवलं आणि हे मास्क काढून, दार उघडून पायरीवर जाऊन मोठमोठे श्वास घेत बसले. मशीन बंद पडलं की मास्कमध्ये गुदमरतं म्हणाले.

पहिल्याच परीक्षेत नापास. तेही स्वतःच्या घराच्या फाटकासमोर.

नवी वही काढली आहे. एकतीस वर्षं वीज कंपनीच्या खोलीत मीटर तपासण्यात गेली. लिहिलं नाही तर झालंच नाही, एवढं तिथे शिकले. तेव्हा लिहिते.

ट्रेलर धाकट्या दिरांनी बांधलेला. भावोजींचं गाड्यांच्या बॉडीचं वर्कशॉप आहे. गाडीच्या मागे जोडायची ही चाकांवरची खोली त्यांनी स्वतःसाठी हौसेने बांधली, दोनदा वापरली, आणि जाऊबाईंच्या कंबरेने तिसऱ्यांदा नकार दिल्यावर आमच्या गळ्यात मारली. आत एक पलंग, टेबल, छोटा ओटा, फ्रीज आणि छताला पंखा. या सगळ्यांना पोसणारी बॅटरी एकच, पलंगाखाली.

जायचं आहे लेकीकडे. डोंगरातल्या रस्त्याने चार दिवस. वाटेत तीन मुक्काम, तिन्ही तळ्याकाठी, आणि तिन्ही ठिकाणी विजेचा खांब नाही. ह्यांनी बत्तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली. शेवटच्या थांब्यापुढे तोच रस्ता कुठे जातो ते बघायचं आहे म्हणतात. मला काय बघायचं आहे ते मला ठाऊक नाही, घरात बसवत नाही एवढं खरं. रिटायर होऊन सात महिने झाले आणि सगळी कपाटं तीनदा लावून झाली.

अडचण ह्यांच्या झोपेची. गेल्या हिवाळ्यात हे न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. तपासणीत निघालं की झोपेत ह्यांचा श्वास तासाला बेचाळीस वेळा थांबतो आणि त्याचा ताण हृदयावर येतो. तेव्हापासून रात्रभर नाकावर मास्क आणि उशाशी हवा ढकलणारं मशीन. एकही रात्र चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बोट नाचवून बजावलं आहे. लेकीची अटही तीच. "बाबांचं मशीन रात्रभर चालणार असेल तरच या." तिला स्वतःला सुटी मिळत नाही, त्यामुळे आम्ही गेलो नाही तर वर्षभर भेट नाही.

काल रात्रीचा खर्च चौसष्ट टक्के. ही बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते.

४ सप्टेंबर

पहिला गुन्हेगार सापडला. इन्व्हर्टर. तो बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करतो, आणि मशीनचा अॅडॉप्टर तीच वीज पुन्हा बॅटरीच्या विजेसारखी करतो. वाळलेले कपडे भिजवून परत वाळत घालण्यातला प्रकार. मशीनला थेट बॅटरीवर चालवायची वायर मिळते, ती आणली. इन्व्हर्टरला घरचा रस्ता.

बॅटरीच्या तोंडाशी मी मीटर बसवला आहे. रात्रीत किती टक्के गेले ते सकाळी चष्मा लावायच्या आधी बघते. आज एक्कावन्न.

दिवसभर गाडी चालली की बॅटरीत साधारण तीस टक्के परत जातात. म्हणजे रात्रीचा खर्च तिसाच्या आत पाहिजे. नाहीतर तिसऱ्या रात्री, तळ्याकाठी, मैलोन् मैल माणूस नाही अशा ठिकाणी पुन्हा पहाटे चारची शिट्टी.

तीस. दात घासतानासुद्धा हाच आकडा डोक्यात असतो.

७ सप्टेंबर

आज दिवसभर बारीक चोर पकडले. एकेक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, परत घालायचा. मी पलंगाखाली आडवी, हे बाहेर खुर्चीत वही घेऊन.

"शून्य दशांश आठ!" मी आतून ओरडले.

"म्हणजे फार का?"

"म्हणजे लिहा!"

फ्रीज बंद असला तरी त्याच्या आतली सर्किटची पाटी वीज खात होती. रेडिओ नुसतं घड्याळ दाखवायला खात होता. मोबाइल लावायच्या प्रत्येक खाचेत एक निळा दिवा, कोणी न सांगता रात्रभर जळणारा. पाण्याचा पंप थोडा. एवढ्याशा खोलीत फुकट जेवणारे इतके! गॅस गळला तर वाजणारी घंटा तेवढी ठेवली, बाकीच्यांना एकच बटण बसवलं. झोपताना दाबलं की सगळे गप्प.

हे खूश होते. आगारात ह्यांना डिझेल बचतीचा कप दोनदा मिळाला आहे. थांब्यावर गाडी उभी राहिली की इंजिन बंद. प्रवाशांना वाटायचं बस बिघडली. "चालू असायची गरज नाही ते बंद करायचं, त्यात काय शास्त्र आहे?" असं म्हणत वहीत माझे आकडे लिहीत होते. अक्षर अजून शाळेतल्यासारखं आहे.

खर्च चव्वेचाळीस.

११ सप्टेंबर

मशीनमध्ये पाण्याचं एक भांडं असतं, हवा दमट आणि कोमट करायला. ते गरम करण्यात बरीच वीज जाते. मशीनच्या कंपनीतल्या पोरीला फोन करून विचारलं. म्हणाली, ते बंद केलं तर घसा कोरडा पडेल, बाकी धोका नाही, पण हवा मात्र रात्रभर चालूच हवी. बंद केलं.

सकाळी ह्यांना विचारलं, घसा कोरडा पडला का?

"बत्तीस वर्षं रस्त्याची धूळ खाल्ली, त्यापुढे हे काय."

अडतीस!

१५ सप्टेंबर

अडतीस. अडतीस. सदतीस. परत अडतीस.

माझ्या हिशोबाने त्यातले चोवीस एकट्या मशीनचे. उरलेले चौदा कसे कमी करायचे? पंखा काढला तर काच पाण्याने भरते. गॅसची घंटा काढणार नाही. संध्याकाळपासून अंधारात बसायचं का?

भावोजी आले होते. ट्रेलरभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "वहिनी, दुसरी बॅटरी जोडू. पाच मिनिटांचं काम. गाडी ओढेल, काळजी नको."

मी म्हटलं, नको.

"का पण?"

"पाच मिनिटांचं काम कोणीही करेल, भावोजी. गळती शोधायची सोडून टाकी मोठी करायची, याला दुरुस्ती म्हणत नाहीत."

ह्यांच्याकडे बघून भावोजी हसले, हेही हसले. भावांचं ते हसणं मला ठाऊक आहे. नंतर एकटी असताना वाटलं, दुसरी बॅटरी घ्यायला खरंच काय हरकत होती? हरकत एवढीच की मग मी हरले असते. कोणाशी, ते विचारू नये.

१७ सप्टेंबर

एकोणचाळीस. वर गेला.

रविवारी लेकीला फोन करून ‘येत नाही’ म्हणून कळवणार. ट्रेलरमध्ये टेबलाशी बसले आणि रडू आलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी रडायचं म्हणजे कमाल झाली. ऑफिसात माझ्या हाताखाली चौदा माणसं होती. आता एक बॅटरी ऐकत नाही. हे आत आले, पाठीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "अजून दोन रात्री बघ."

१९ सप्टेंबर

एकोणतीस!!

काल दुपारी बॅटरीची अर्थिंगची, ट्रेलरच्या सांगाड्याला जाणारी तार तपासली तेव्हा तिचा स्क्रू गंजलेला दिसला. घासला, नवा वॉशर घातला, आवळला. आणि आज एकोणतीस. एका गंजक्या स्क्रूने अडीच आठवडे माझ्या नाकी नऊ आणले.

मी उठले तेव्हा हे आधीच जागे होते, मास्क लावून पलंगावर बसलेले. आकडा सांगितल्यावर मास्कच्या आतूनच हसले. मी सकाळभर गुणगुणत होते, असं ह्यांचं म्हणणं. मला आठवत नाही.

लेकीला कळवलं, येतोय.

२२ सप्टेंबर

एकोणतीस, अठ्ठावीस, एकोणतीस. जमलं.

तरी मनाला स्वस्थता नाही. एखाद्या दिवशी गाडी कमी चालली तर? वाटेत कुठे अडकलो तर? हातात थोडं जास्त नको का? पंचवीसपर्यंत आलं तर मी निर्धास्त.

"तीस म्हणाली होतीस ना?" हे म्हणाले.

"तीस म्हणजे काठावर पास."

"बरं. पंचवीस तर पंचवीस," हे म्हणाले आणि पेपर उघडला. ह्यांना कसलीच घाई नसते. मी खिडक्यांच्या फटी बंद करायला घेतल्या, म्हणजे बाहेरची ओल आत येणार नाही आणि पंखा एक नंबर कमी लागेल.

२४ सप्टेंबर

तेवीस. फटींचा एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं!

आणखी एक चांगली गोष्ट. मास्कच्या पट्ट्याचे वळ ह्यांच्या गालांवर दुपारपर्यंत राहायचे, लेक व्हिडिओ कॉलवर त्यावरून चिडवायची. हल्ली सकाळी गाल अगदी स्वच्छ असतात. मशीनवाल्या पोरीने दिलेली मास्कची नवी मऊ गादी मानवली म्हणायची.

२६ सप्टेंबर

सोळा.

मीटरकडे दोनदा बघितलं. सोळा.

आता खरं लिहायचं तर हा आकडा मला पटत नाही. चोवीस तर एकटं मशीन खातं, आणि सगळं मिळून सोळा? ऑफिसात असा मीटर समोर आला असता तर शेरा ठरलेला होता: मीटर मंद, जागेवर जाऊन तपासा. मंद मीटरने मला आयुष्यभर एकच धडा दिला, की तो आपोआप मंद होत नाही, मागे कोणाचा तरी हात असतो.

पण इथे कोणाचा हात असणार? दुपारी माझा जुना, तारेला लावून वीज मोजायचा चिमटा मीटर काढून दोन्ही आकडे ताडून बघितले. तंतोतंत जुळले. मशीन लावून बघितलं, तेही बरोबर वीज घेतं. मग विचार केला. माणूस गाढ झोपला की मशीनला हवा कमी जोराने ढकलावी लागते, ते स्वतःच दाब कमी करतं. म्हणजे वीज कमी. म्हणजे ह्यांची झोप सुधारते आहे! बॅटरीच्या निमित्ताने तब्येतीची बातमी कळली. हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "असेल." हुरूप असा नाहीच माणसाला.

पलीकडच्या घरातल्या दाताच्या डॉक्टर संध्याकाळी कुंपणाशी आल्या. "रात्री तुमच्या ट्रेलरमध्ये काय चालू असतं हो? दिवसभर दवाखान्यात घरघर ऐकते, रात्री तरी सुटका हवी. मध्येच थांबतं, मला वाटतं संपलं, की परत सुरू." मी ओशाळले. पंप असणार. बटण दाबूनही त्याच्याकडे वीज जात असेल आणि पाण्याचा दाब उतरला की सुरू होत असेल. त्याच्याखाली रबराची जाड चकती घातली, फ्यूजच काढून ठेवला.

२८ सप्टेंबर

सोळा, पंधरा.

डॉक्टरबाई म्हणतात आवाज तसाच आहे. पंपाचा फ्यूज माझ्या खिशात आहे. मग त्यांच्याच घरातलं काहीतरी असेल, मी आता लक्ष देणार नाही.

३० सप्टेंबर

ह्यांनी ट्रेलर मागे घेताना फाटकाच्या खांबावर घातला. बत्तीस वर्षांत बसला एक ओरखडा न काढणारा माणूस! मी मागे उभी राहून हात करत होते, ओरडत होते, आणि हे आरशात बघून सरळ खांबावर. एका बाजूचा पत्रा चेपला.

"लक्ष कुठे होतं तुमचं?"

"होतं की," म्हणाले.

हल्ली ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. जेवता जेवता डोळे मिटतात. सकाळी डोकं दुखतं म्हणून कपाळ चोळत बसतात. काल चहात दोनदा साखर घातली आणि मी सांगितल्यावर माझ्यावरच खेकसले, हे त्यांच्या स्वभावात नाही. मला वाटतं प्रवासाची धास्ती घेतली आहे. इतकी वर्षं त्याच थांब्यांवर जाऊन परत यायची सवय, आता पुढचा रस्ता खरंच समोर आल्यावर छाती धडधडत असेल. बोलून दाखवणार नाहीत. मीही विषय काढला नाही, उगाच बेत मोडायचा.

३ ऑक्टोबर

तळ्याकाठी!

दिवसभर चढ, मग झाडी, मग अचानक पाणी. दुसरं कोणीच नाही. टेबल बाहेर मांडलं. मी तळ्याला अर्धी चक्कर मारून आले तरी हे खुर्चीत होते, हनुवटी छातीवर, पाच वाजताच झोपलेले. उठवलं. म्हटलं, यासाठी आलो का आपण? शेवटच्या थांब्यापुढचा रस्ता बघायचा होता ना?

"बघितला," म्हणाले. "छान आहे."

मशीन लावलं, बटण दाबलं. आता वही बंद, कानातलं बाहेर.

५ ऑक्टोबर

काल लिहिलं नाही.

काल सकाळी आकडा पंधरा. मी टाळी वाजवली. हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे मला विसरता येणार नाही.

साडेअकराला घाटात, एका डाव्या वळणावर, गाडी वळायलाच तयार होईना. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हात स्टिअरिंगवर होते, पाय दाबलेला, आणि डोळे मिटलेले. ओरडले की नाही आठवत नाही. स्टिअरिंग माझ्याकडे ओढलं तेव्हा ट्रेलरचं चाक रस्त्याबाहेर गेलं होतं. कडेचा दगड लागला, कर्रकन आवाज झाला, ह्यांनी दचकून ब्रेक दाबला आणि आम्ही थांबलो. खाली दरी होती. किती खोल ते मी बघितलं नाही.

 मग मी बोलायला लागले ती थांबेचना. झोपलात कसे? काल रात्री नऊ तास झोपलात. मशीन लावून झोपलात. मीटर मी स्वतः बघितला. हे समोर बघत होते. ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे फक्त गप्प बसतात. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली, दरीची वाटली त्याहून जास्त.

मागे जाऊन मशीन मांडीवर घेतलं. त्याच्या आत वापराची नोंद असते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते डॉक्टरांचं काम म्हणून मी ती कधी उघडली नव्हती. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे मीटर उघडले आणि घरातला हा एक राहिला. रोजची तारीख, त्यापुढे मशीन किती वेळ चाललं ते. सतरा सप्टेंबरपर्यंत पावणेआठ तास, आठ तास. अठराला साडेपाच. तेवीसला तीन तास दहा मिनिटं. पंचवीसपासून तासभर, सव्वा तास. तळ्याकाठी पंचावन्न मिनिटं.

हे दारात येऊन उभे राहिले होते.

"दिसलं?" म्हणाले.

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तू कानातलं काढून झोपलीस की थोड्या वेळाने बंद करायचो. पहाटे तुझ्या आधी उठून परत लावायचो. सुरुवातीला दोन-तीन तासच बंद असायचं. मग तू पंचवीस म्हणालीस."

"आणि पंचवीसच्या खाली का गेलात? ते तर मी सांगितलं नव्हतं!"

"तेवीस टक्क्यांना किती खूश झालीस." मग म्हणाले, "तू रडलीस ना त्या दिवशी. घरात बसून तुझं काय होतंय ते मला दिसत होतं गं. त्यानंतर रोज सकाळी तो मीटर बघायचीस आणि उड्या मारायचीस. म्हटलं, तीन रात्रींचाच तर प्रश्न आहे. लेकीकडे पोचलो की भिंतीत सॉकेट आहे."

"तीन नाही. सोळा रात्री झाल्या."

"बसमध्ये सत्तर माणसं घेऊन फिरलो. वाटलं, झोप आपल्या ताब्यात असते."

मी ह्यांच्या छातीवर मूठ मारली. जोरात नाही, पण मारली. मग तिथेच, त्या शर्टाला धरून उभी राहिले. मंद मीटरमागे माणूस असतो हे मी नव्या पोरांना शिकवायचे, आणि माझ्या शेजारी झोपलेला माणूस मला दिसला नाही. दाताच्या डॉक्टरांना कुंपणापलीकडून ह्यांचं घोरणं ऐकू आलं. श्वास थांबलेलासुद्धा ऐकू आला. मी पंपाखाली रबर घातलं.

चार किलोमीटर पुढे ट्रकवाल्यांचं लॉज आहे. तिथवर मी चालवत आणली, पहिल्या गिअरमध्ये, मागे आठ ट्रक हॉर्न मारत. खोलीत पलंगाशेजारी सॉकेट आहे. मशीन लावलं, पाण्याचं भांडंही गरम केलं. कानातलं न काढता शेजारी बसले.

६ ऑक्टोबर

साडेनऊ तास. नोंदीत बघितलं. मधूनमधून ह्यांच्या तोंडाकडेही बघत होते.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. ते इतके शांतपणे बोलले की ओरडले असते तर बरं. हृदयाची तपासणी लेकीच्या गावात पोचल्याबरोबर करायची, दोन आठवडे ह्यांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि एकही रात्र नाही, कळलं का बाई, एकही नाही.

हे म्हणाले, "लेकीला नको सांगू. पोचल्यावर सांगू."

मीही तासभर तोच विचार करत होते, वेगळ्या कारणासाठी. मग फोन लावला आणि सगळं सांगितलं, गंजक्या स्क्रूपासून. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आई, तू मीटरकडे बघत होतीस. बाबांकडे कोण बघत होतं?"

 "कोणी नाही," म्हटलं.

ती रडायला लागली. फोन ह्यांच्याकडे दिला आणि बाहेर जाऊन ट्रेलरचा चेपलेला पत्रा बघत उभी राहिले.

८ ऑक्टोबर

भावोजी दुसरी बॅटरी घेऊन आले. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "भावोजी, ती बॅटरी हवी आहे." त्यांनी का ते विचारलं नाही, रातोरात निघाले. आल्यावर भावाला आधी शिव्या घातल्या, मग मिठी मारली. बॅटरी जोडायला खरंच पाच मिनिटं लागली. मी उभी राहून बघितलं. हरल्यासारखं काही वाटलं नाही, त्या पाच मिनिटांसाठी मी काय काय पणाला लावलं होतं तेवढं आठवलं.

भावोजी म्हणाले, "मी चालवत सोडतो तुम्हाला." पण त्यांची स्वतःची गाडी इथे राहील आणि वर्कशॉपही बंद. "मी चालवते," म्हटलं. दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले.

दिवसभर लॉजमागच्या मोकळ्या जागेत शिकले. पुढे जाणं सोपं आहे. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, हे माझ्या डोक्यात शिरेना. हे खुर्ची टाकून बसले होते. "उलट! अगं उलट! त्याच्याही उलट!" ट्रकवाले चहाचे पेले घेऊन बघायला जमले. चौथ्यांदा नळाचा ओटा वाचला तेव्हा एकाने टाळ्या वाजवल्या. हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांचा चेहरा चार रात्रींत बदलला आहे. आणि गालांवर पट्ट्यांचे लाल वळ, अगदी कानापर्यंत.

१० ऑक्टोबर

डोंगराचा रस्ता सोडला. खालून, गावागावातून जाणारा लांबचा रस्ता धरला आहे, जिथे मुक्कामाला सॉकेट मिळतं. बॅटरी आता वाटेत काही झालं तरच. आणखी तीन दिवस लागतील.

आज पहिला दिवस मी चालवलं. ताशी चाळीस. मोपेडवाले पुढे गेले. हे बाजूला बसून खिडकीतून बघत होते, दुकानं, शाळा, पूल, सगळं. हा पूल नवा दिसतो, हे झाड कसलं असेल, इथे बसथांबा चुकीच्या जागी आहे. बत्तीस वर्षांत एवढं बोलले नसतील. बस चालवताना बोलायला मनाई असते म्हणाले.

दुपारी सपाट सरळ रस्ता लागला आणि बोलणं बंद झालं. मी तिरक्या नजरेने बघितलं. डोकं काचेला टेकलेलं, डोळे मिटलेले.  कडेला गाडी घेतली, ब्रेक लावला, इंजिन बंद केलं आणि नाकाखाली बोट धरलं.

श्वास गरम लागला. थोडं पुढे जाऊन पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी बोट धरलं तेव्हा ह्यांनी डोळे न उघडता माझा हात धरला आणि स्टिअरिंगवर नेऊन ठेवला.

"जागाच आहे मी," म्हणाले. "तू रस्त्याकडे बघ."